बायकांची सायकल, कपडे आणि सामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं मोठी झाल्यावर, नोकरीत जरा स्थिरावल्यावर किंवा डॉक्टरांनी 'व्यायाम करा' म्हटल्यावर कितीतरी जणी सायकल घेतात. त्यातल्या बऱ्याच जणी दोन-तीन महिन्यांत थांबतात. विचारलं तर 'आता जमत नाही' एवढंच सांगतात. जरा खोदून विचारलं की खरी कारणं बाहेर येतात: सीट टोचते, मांड्या घासतात, बोटं बधिर होतात, वाटेत लघवीला जागा नसते. आपल्याकडे बाईच्या अंगात सोसणं मुरवलेलं असतं, त्यामुळे ही कारणं कोणी उघड बोलत नाही आणि दोष स्वतःच्या शरीराला देऊन मोकळी होते. खरं तर यातली एकही गोष्ट सोसायची नाही. प्रत्येकीवर उपाय आहे, आणि बरेचसे उपाय स्वस्त आहेत. म्हणून ही उत्तरं मोकळेपणाने लिहिली आहेत.

पंजाबी ड्रेसवर किंवा साडीवर सायकल चालवली तर चालेल का?

चालेल. भाजी आणायला, स्टेशनपर्यंत, ऑफिसला पाच-सात किलोमीटर जायला वेगळे कपडे लागत नाहीत. लेगिंग आणि बाजूला चिरा असलेला, गुडघ्याच्या वर राहणारा कुर्ता यात आरामात सायकल चालवता येते.

ओढणीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. ती घरी ठेवा किंवा पिशवीत. कमरेला गाठ मारलेली ओढणीसुद्धा सुटते. सुटलेलं टोक चाकाच्या आऱ्यांत गेलं की ती क्षणात गळ्याभोवती आवळली जाते, आणि अशा अपघातात मानेला गंभीर इजा होते. पलाझो आणि सैल सलवार उजव्या बाजूला चेनमध्ये अडकते. चेनकव्हर नसेल तर घोट्याजवळ वेल्क्रोची पट्टी किंवा जाड रबरबँड बांधा. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत सारा. काचेच्या बांगड्या काढून ठेवा, कारण पडताना आपण आधी हात टेकतो.

साडीचं म्हणाल तर नऊवारीच्या काष्ट्यात दोन्ही पाय मोकळे राहतात, त्यामुळे ती सायकलला सहावारीपेक्षा कितीतरी सोयीची. सहावारीसाठी मधला दांडा खाली वाकवलेली सायकल, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलीच पाहिजे. पदर खोचून शिवाय पिन लावायची.

पॅडवाल्या शॉर्ट्स खरंच लागतात का? की ती हौस आहे?

तास-सव्वा तासापेक्षा जास्त वेळ सीटवर बसणार असाल तर लागतात. माझ्या मते सायकलनंतरची ही सगळ्यांत उपयोगी खरेदी. पॅडची कामं तीन: बसण्याच्या हाडांखालचा दाब पसरवायचा, शिवण त्वचेला टोचू द्यायची नाही आणि घाम त्वचेपासून दूर न्यायचा.

आता सगळ्यांत जास्त वेळा, आणि नेहमी कुजबुजत विचारला जाणारा भाग. या शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नाही. आतल्या कपड्याची शिवण नेमकी जिथे दाब असतो तिथेच येते, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग पॅडचा काहीच उपयोग उरत नाही. पॅड थेट त्वचेला लागावा अशाच रीतीने तो बनवलेला असतो.

बायकांच्या शॉर्ट्सचा पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतो, पुरुषांच्या पॅडची ठेवण वेगळी असते. नवऱ्याची किंवा भावाची शॉर्ट्स वापरून 'मला नाही बाई आवडलं' असं ठरवू नका. जाड पॅड म्हणजे चांगला पॅड, हाही गैरसमज. फार मऊ, फुगीर पॅड तासाभरात चेपतो आणि मांड्यांमध्ये गोळा होतो. दुकानात बोटांनी दाबून बघा, तो थोडा घट्ट लागला पाहिजे. उभं राहून घातल्यावर शॉर्ट्स जरा आवळ वाटेल, पण वाकून सायकलवर बसल्यावर ती नीट बसते. सैल शॉर्ट्स घसरते, आणि घसरणारं कापड त्वचा सोलतं.

अशी अंगाबरोबर बसणारी शॉर्ट्स घालून सोसायटीतून बाहेर पडायला संकोच वाटतो. काय करू?

संकोच वाटतो म्हणून सायकल सोडू नका, वरचा कपडा बदला. पॅडवाल्या शॉर्ट्सवर सैल हाफपँट, सायकलचा स्कर्ट किंवा साधा लांब टी-शर्ट घालता येतो. घोट्यापर्यंत येणारी पॅडवाली टाइट्स मिळते, वर कुर्ता घातला की सासऱ्यांसमोरून चहाचा कप घेऊन जाता येईल इतकी ती साधी दिसते. पातळ पॅड शिवलेली आतली चड्डीसुद्धा मिळते, ती कुठल्याही ट्रॅकपँटखाली जाते आणि बाहेरून काही कळत नाही.

तालुक्याच्या गावात किंवा एकत्र कुटुंबात राहणाऱ्या मैत्रिणी याच वाटेने सुरुवात करतात. पुढे अंतर वाढतं, बरोबर आणखी दोघी-तिघी येतात आणि कपड्यांवरची चर्चा आपोआप थांबते. कोणी काय घालावं हे जिचं तिने ठरवावं. फक्त पॅड आत असू द्या.

बिब शॉर्ट्स आणि साधी शॉर्ट्स यात काय निवडू?

बिबला खांद्यावरून पट्टे असतात, त्यामुळे कमरेला इलॅस्टिक आवळत नाही आणि पॅड जागेवरून हलत नाही. लांब अंतराला हा फरक जाणवतो. ज्यांना पोटाशी घट्ट पट्टा सहन होत नाही, सिझेरियनचा व्रण दुखतो, त्यांना बिब फार सुखाचा.

अडचण स्वच्छतागृहात. जुन्या पद्धतीच्या बिबसाठी आधी जर्सी, म्हणजे वरचा सायकलचा टी-शर्ट, काढावी लागते. आता बायकांच्या बिबमध्ये मागे झिप, पाठीवर सुटणारा हुक किंवा गळ्यात अडकवायचा पट्टा अशा सोयी असतात. विकत घेण्याआधी दुकानाच्या ट्रायल रूममध्ये जर्सी घालून, ती न काढता बिब खाली करता येतो का हे करून बघा. भारतीय पद्धतीच्या संडासात खाली बसून हे जमलं पाहिजे, तेही ओल्या फरशीला काही न लागता. रोजच्या तासाभराच्या फेरीला कमरेची शॉर्ट्स पुरते.

सीट फार दुखते. सवय होईल म्हणतात. होते का?

नव्याने सुरू केल्यावर बसण्याची हाडं, म्हणजे नितंबांखाली हाताला लागणारी दोन टोकं, आठवडा-दोन आठवडे ठणकतात. ते दुखणं जातं. पण पुढच्या, नाजूक भागात दुखणं, बधिरपणा, सूज, लघवी करताना जळजळ यांची सवय होत नाही आणि होऊही द्यायची नाही. तो सीट किंवा तिची मांडणी बदलायचा निरोप आहे.

आधी रुंदी बघा. बायकांच्या बसण्याच्या दोन हाडांमधलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं, पण अंगाने बारीक बाईचं ते अंतर जास्त आणि जाड बाईचं कमी असू शकतं, म्हणून अंदाज कामाचा नाही. घरी मोजता येतं. खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, टाचा उचला, थोडं पुढे वाका आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पुढे वाकून चालवत असाल तर त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवा, ताठ बसून चालवत असाल तर तीन किंवा थोडे जास्त. तेवढ्या रुंदीची सीट शोधायला लागा.

मग मऊपणा. दुकानदार लगेच जेलचं कव्हर दाखवतो. छोट्या फेरीला ते छान वाटतं, लांब अंतरावर हाडं त्यात रुततात आणि मधला मऊ फुगवटा नेमका नाजूक भागावर वर येतो. मध्ये खाच किंवा पूर्ण पोकळी असलेली, बऱ्यापैकी कडक सीट बहुतेक बायकांना जास्त मानवते.

आणि मांडणी. सीटचं टोक वर असेल तर ती कुणालाही टोचेल. आधी ती अगदी सपाट करा. तरीही पुढे दाब येत असेल तर टोक अगदी किंचित, एक-दोन अंश खाली करा. जास्त खाली केलंत तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. उंची तपासायला भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यांत खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवून चालवताना तो थोडा वाकलेला राहतो. सीट उंच असेल तर प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि नाजूक जागी घासतं. बऱ्याचदा दुखणं सीटमुळे नसतंच. हँडल फार लांब असतं, हात पोहोचावेत म्हणून आपण सरकत सरकत सीटच्या टोकावर येतो. आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा पुढचा तुकडा, बसवला की सुटका होते, आणि नव्या सीटपेक्षा तो स्वस्त पडतो.

घासून त्वचा लाल होते, कधी पुरळ येतं. उपाय?

पहिला उपाय फुकट आहे. सायकलवरून उतरल्यावर ओल्या शॉर्ट्समध्ये बसून राहू नका. ग्रुपमध्ये मिसळ खायला तास-दीड तास रमतो, तेवढ्यात ओलसर उबेत बुरशीचा संसर्ग वाढायला चांगली संधी मिळते. लांब जायचं असेल तर पिशवीत कोरडी चड्डी आणि सैल पँट ठेवा.

घासणाऱ्या जागी सायकलसाठी मिळणारं क्रीम लावा, मांडीच्या सांध्यात आणि पॅडच्या कडा येतात तिथे. सुवासिक किंवा पुदिन्यासारखं गार लागणारं क्रीम बायकांनी टाळावं, आत गेलं की आग होते. पेट्रोलियम जेली वेळेला चालते, पण ती पॅडमध्ये मुरते आणि धुतली तरी पूर्ण निघत नाही. खोबरेल तेलाचंही तेच, छोट्या अंतराला ठीक.

त्या भागाचे केस वस्तऱ्याने काढल्यावर लगेच लांब फेरी करू नका. केस त्वचेत उलटे वाढतात आणि गळू होतं. कात्रीने बारीक केलेले केस चांगले. गाठ, पू, खाज किंवा वेगळा स्राव असेल तर घरगुती उपाय थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

शॉर्ट्स धुवायच्या कशा?

प्रत्येक वापरानंतर. उलट्या करून, गार पाण्यात, साध्या साबणाने. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापडाची घाम ओढण्याची ताकद जाते. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. पावसाळ्यात पॅड वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून निदान दोन जोड हवेत.

पाळीच्या दिवसांत सायकल चालवावी का?

वाटलं तर जरूर चालवा. हलका व्यायाम केल्यावर पोटदुखी कमी झाल्याचं अनेकींना जाणवतं. फार रक्तस्राव होत असेल, चक्कर येत असेल तर विश्रांती घ्या आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आहे की 'दम लागतो, वय झालं' म्हणणाऱ्या कितीजणींना आधी लोहाची गरज असते.

साधनांत मेन्स्ट्रुअल कप सायकलला सगळ्यांत सोयीचा. बाहेर काही राहत नाही, घासत नाही आणि स्राव मध्यम असेल तर बारा तासांपर्यंत काढावा लागत नाही. पण तो बसवायला शिकायला एक-दोन पाळ्या जातात, त्यामुळे मोठ्या फेरीच्या दिवशी पहिला प्रयोग नको. टॅम्पॉन चालतो, त्याची दोरी आत सारून ठेवा आणि आठ तासांच्या आत बदला. साधा सॅनिटरी पॅड चालतो, पण त्याच्या कडा मांड्यांना कापतात. पातळ आणि पंख नसलेला घ्या. कपडा वापरणाऱ्या बायकांनी त्याची घडी पुढेमागे सरकणार नाही याकडे लक्ष द्यावं.

वाटेत लघवीला जागा नसते म्हणून मी पाणीच कमी पिते.

हे बहुतेक जणी करतात, आणि मला याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते. पाणी तोडल्यावर डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. मार्च ते मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात तर उष्माघाताचा धोका असतो.

त्यामुळे मार्ग ठरवतानाच थांबे ठरवा. हमरस्त्यावरचे पेट्रोल पंप, मोठी हॉटेलं, एसटी स्थानकं, गावातली शाळा किंवा देवस्थान. खेड्यात एखाद्या घरी ताईंना सरळ विचारा, बाईने बाईला विचारलं की नाही म्हणणारं घर क्वचितच भेटतं. उभं राहून लघवी करता येईल असं सिलिकॉनचं किंवा कागदाचं नरसाळं मिळतं. ते आधी घरी न्हाणीघरात वापरून सराव करा. टिश्यू, छोटी साबणाची बाटली आणि वापरलेलं परत आणायला झिपची पिशवी ठेवा.

पाणी घोटघोट, तहान लागण्याची वाट न बघता. दीड-दोन तासांपेक्षा जास्त चालवणार असाल तर एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. खायला चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. हे मागच्या खिशात वितळत नाहीत आणि टपरीवर सहज मिळतात.

स्पोर्ट्स ब्रा वेगळी घ्यावी का?

घ्या. सायकलवर धावण्याइतके धक्के नसतात, पण खड्डे आपल्याकडे भरपूर आणि पुढे वाकल्यावर साधी ब्रा पट्ट्यांवर लोंबते. रुंद पट्टे, पाठीवर एकत्र येणारे, आत तार नाही, कापड सुती नाही. हुक किंवा धातूची कडी पाठीच्या पिशवीखाली येत असेल तर टोचते. आधार पट्ट्यांनी नव्हे तर छातीखालच्या रुंद पट्टीने मिळायला हवा. त्या पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

माझ्या मापाचे सायकलचे कपडे मिळतच नाहीत. जाड बायकांनी काय करायचं?

दुकानातले आकार उपऱ्या शरीरांवर बेतलेले आहेत, त्यात तुमचा काही दोष नाही. युरोपीय, विशेषतः इटालियन कपडे आपल्या नेहमीच्या मापापेक्षा एक-दोन घरं लहान निघतात. अक्षरांवर जाऊ नका. टेपने छाती, कंबर, नितंब आणि मांडीचा सगळ्यांत जाड भाग सेंटिमीटरमध्ये मोजा आणि तक्त्याशी ताडून घ्या. शॉर्ट्स निवडताना नितंबांचं माप धरा. मांडीच्या कडेला रुंद, सपाट पट्टी असलेली घ्या, बारीक इलॅस्टिक रुतून खूण पाडतं. आतल्या बाजूची लांबी जरा जास्त घेतली तर मांड्या एकमेकींना घासत नाहीत.

जर्सी सायकलचीच हवी असं नाही. पुरुषांची किंवा क्रिकेटची सैल पॉलिएस्टर टी-शर्ट चालते. चांगल्या शिंपिणीकडून मागे तीन खिसे लावून घेता येतात आणि पाठ वाकल्यावर उघडी पडू नये म्हणून मागची बाजू चार बोटं लांब करता येते. पैसे पॅडवर खर्च करा, वरच्या कपड्यावर वाचवा.

ऊन आणि पाऊस, दोन्हींसाठी काय घ्यावं?

उन्हासाठी सुती कपडा टाळा, तो घामाने जड होतो आणि अंगाला चिकटतो. पांढऱ्या किंवा फिकट रंगाचे आर्म स्लीव्ह ही फार कामाची वस्तू, पाण्याने भिजवून घातले की दंड गारही राहतात. चेहरा, मान आणि हातांच्या मागच्या बाजूला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून घाट चढता येत नाही, दम कोंडतो. नळीसारखं पातळ कापड गळ्यात ठेवा, धूळ आली की वर ओढा.

पावसात स्कूटरवर वापरतो तो पोंचो नको. तो वाऱ्याने शिडासारखा फुगतो, खालची कड चाकात जाते. अंगाबरोबर बसणारं, मागे लांब, काखेत हवा जाणारं जॅकेट हवं. खरं सांगायचं तर सह्याद्रीच्या पावसात दोन तासांनी सगळं भिजतंच. त्या जॅकेटचं काम उतारावर वारा अडवण्याचं. लोणावळ्याला किंवा वरंध्याच्या घाटात चढताना घामाघूम झालेली बाई उतरताना थंडीने कुडकुडते, ती याच कारणाने. हेल्मेटखाली पुढे झडप असलेली पातळ टोपी घातली की डोळ्यांत पाणी जात नाही. मडगार्ड पुढे-मागे दोन्ही लावा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात, म्हणून आधीपासून हलके दाबत चला. फोन आणि पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत.

हेल्मेट आणि लांब केस यांचं जमवायचं कसं?

अंबाडा सोडा. हेल्मेट मागे टेकलं पाहिजे, अंबाडा त्याला पुढे ढकलतो आणि कपाळ किंवा मागचं डोकं उघडं पडतं. मानेजवळ सैल एकच वेणी घाला. मागे पोनीटेलसाठी जागा सोडलेली हेल्मेटं मिळतात. रोजच्या घामाने केसांना वास येतो, त्यासाठी आत पातळ सुती रुमाल बांधायला हरकत नाही, गाठ मात्र हेल्मेटच्या खाली यायला हवी.

माप घेताना टेप भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती फिरवा. घातल्यावर हेल्मेटची कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाखाली आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकी जागा. पडल्यावर हेल्मेट आपटलं असेल तर बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला, आतला फोम एकदाच धक्का झेलतो.

पहाटे अंधारात निघते. दिसावं म्हणून काय घालू?

पोपटी-पिवळा फ्लोरोसंट रंग दिवसा आणि संधिप्रकाशात उठून दिसतो. तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चमकतो, त्यामुळे रात्री त्याचा फारसा उपयोग नाही. रात्री चालते ती गाडीचा प्रकाश परत फेकणारी रिफ्लेक्टिव्ह पट्टी. तिची सगळ्यांत चांगली जागा घोटे आणि गुडघे. पाय सतत वर-खाली होतात आणि त्या हालचालीवरून ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढे माणूस सायकल चालवतो आहे. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, आणि चार्जिंग आदल्या रात्री.

खास 'लेडीज' सायकलच घ्यावी का?

मापाची घ्या. कंपन्या ज्याला लेडीज म्हणतात त्यातल्या काही खरंच वेगळ्या बांध्याच्या असतात, काहींना फक्त जांभळा रंग आणि टोपली असते. तुम्ही पाच फुटांच्या असाल तर छोट्या फ्रेमशिवाय पर्याय नाही. मधला दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभं राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि बसल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहून हात हँडलपर्यंत गेले पाहिजेत.

लहान हातांसाठी एक गोष्ट दुकानात जाऊनच करून घ्या. बहुतेक ब्रेक लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. पुण्याजवळचा सिंहगड किंवा बोपदेव घाट उतरताना ब्रेक धरून मनगटं भरून येणाऱ्या कितीजणींचा प्रश्न त्या एका स्क्रूने सुटतो.

पैसे मर्यादित आहेत. आधी काय घेऊ?

हेल्मेट आणि दिवे, मग पॅडवाली शॉर्ट्स, मग हातमोजे. जर्सी, गॉगल, खास बूट नंतर. तळव्याला कडक आणि नाडी आत खोचता येईल असा कुठलाही बूट सुरुवातीला पुरतो. क्लीटचा, म्हणजे बूट पॅडलमध्ये अडकवणाऱ्या तळव्याखालच्या पट्टीचा, विचार कराल तेव्हा दोन स्क्रूंवाली, तळव्यात दडलेली माउंटन बाइकची क्लीट घ्या, तिच्यावर चालता येतं.

पंक्चर झालं तर? मला काहीच येत नाही.

येईल. रविवारी दुपारी घरीच चाक काढा, ट्यूब बाहेर काढा, परत घाला. एकदा पुढचं, एकदा मागचं. बरोबर एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप, पॅच आणि मल्टीटूल. गावच्या दुकानात पंक्चर निघतं, पण तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर तिथल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेचा अडॅप्टर मिळतो. चिल्लरीत येणारी ही वस्तू व्हॉल्व्हलाच फिरवून ठेवा.

एकटीने जायची भीती वाटते.

भीती अवाजवी नाही. छेड काढणारे मोटरसायकलवाले, शेजारून हॉर्न वाजवत जाणारे ट्रक, कुत्री, हे सगळं खरं आहे. नव्या रस्त्यावर पहिल्यांदा कोणाबरोबर तरी जा. घरी मार्ग सांगा, फोनवर लोकेशन सुरू ठेवा, ११२ हा आपत्कालीन क्रमांक लक्षात ठेवा. पाठलाग होत असेल तर पुढे रेटत राहू नका, गर्दीच्या टपरीवर किंवा पंपावर थांबा आणि मोठ्याने बोला. रोजची वेळ आणि मार्ग समाजमाध्यमांवर आधीच जाहीर करू नका. फेरीचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये घराजवळचा भाग लपवायची सोय असते, ती आजच सुरू करा.

पन्नाशी आली. आता सुरू केलं तर चालेल?

चालेल, आणि गुडघ्यांना धावण्यापेक्षा हे सोपं जाईल. हलके गिअर वापरा, पाय भरभर फिरू द्या. रजोनिवृत्तीनंतर नाजूक भागाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे जी सीट पूर्वी चालली ती आता टोचू शकते. डॉक्टरांकडे त्यावर औषधं आहेत, लाजू नका. एक लक्षात असू द्या: सायकलमध्ये हाडांवर वजन पडत नाही, म्हणून हाडं बळकट ठेवायला चालणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम जोडीला हवा.

कुणाकडे बघून उमेद धरावी?

ॲनी लंडनडेरी १८९४ च्या जूनमध्ये बॉस्टनहून जगप्रवासाला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर लांब झगा होता आणि सायकल सुमारे १९ किलोंची होती. शिकागोला पोहोचेपर्यंत त्यांना कळून चुकलं की असं जमणार नाही. तिथे त्यांनी जवळजवळ निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, झगा सोडून विजार घातली आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये प्रवास पुरा केला. त्या काळात विजार घातलेल्या बाईवर लोक हसत, टीका करत.

आपल्या जवळचं बघायचं तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली, विशीच्या उंबरठ्यावर, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सुरुवात करून सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुण्याच्याच प्रीती मस्के, चाळिशी ओलांडलेल्या आणि दोन मुलांच्या आई, २०२२ मध्ये लेह ते मनाली हे साधारण ४३० किलोमीटरचं अंतर एकट्याने ५५ तास १३ मिनिटांत गेल्या. त्या वाटेवर पाच हजार मीटरांपेक्षा उंच खिंडी लागतात. ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींत भंडाऱ्याच्या मयूरी लुटे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळे यांची नावं मुलींना जरूर सांगा.

दारं उशिरा उघडली हेही सांगा. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासून पुरुषांच्या सायकल शर्यती होत्या, बायकांची पहिली शर्यत १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला झाली. आणि शर्यतीपलीकडचंही आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकल मिळालेल्या मुली सकाळी रांगेने जाताना दिसतात. नाशिक-पुण्याहून निघणाऱ्या पंढरपूरच्या सायकल वारीत आज्या असतात, आणि त्यांच्याकडून मला सीटच्या उंचीबद्दल जितकं कळलं तितकं कुठल्या दुकानात कळलं नाही.

पहिली २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे. कपड्यांची तयारी कशी करू?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. २०० किलोमीटरला वेळ साडेतेरा तास, त्यात सगळे थांबे धरलेले. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं. त्या दिवशी नवीन काहीही घालू नका, शॉर्ट्स, ब्रा, मोजे सगळं आधी निदान एका लांब फेरीत वापरलेलं हवं. क्रीमची छोटी डबी जर्सीच्या खिशात ठेवा आणि शंभर किलोमीटरला पुन्हा लावा. पाळीची तारीख जवळ असेल तर साधन बरोबर असू द्या, कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, मिळेल या भरवशावर राहू नका. चौथ्या-पाचव्या तासाला हाताचे तळवे बधिर होऊ लागले तर हँडलवरची पकड बदलत राहा आणि अधूनमधून पॅडलवर उभं राहून सीटवरचा भार काढा. नाजूक भागात बधिरपणा आला तर थांबा, उतरा, पाच मिनिटं चाला, मल्टीटूल काढून सीटचं टोक तपासा. साडेतेरा तासांत एवढ्यासाठी पुरेसा वेळ असतो.